मदत हवी आहे: नववीच्या पोरांना कामाच्या जागी शिकायला पाठवायचंय, सोलापुरात कसं जमवायचं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते आणि यंदा मोठ्या बाईंनी व्यवसाय मार्गदर्शन पण माझ्याच गळ्यात घातलंय. डोक्यात असं आहे की नववीची वार्षिक परीक्षा झाली की ज्यांना यायचंय अशा वीसेक मुलामुलींना दोन आठवडे खऱ्या कामाच्या जागी पाठवायचं, रोज सकाळी तीन तास, कारण एप्रिलात दुपारी बाराला इथं पोरं रस्त्यावर सोडायची म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. टॉवेल कारखाना, गणवेश शिवणारं युनिट, टू-व्हीलर गॅरेज, पॅथॉलॉजी लॅब, छापखाना, जे मिळेल ते.

अडचण पालकांपासूनच सुरू होते. आमच्याकडं बऱ्याच घरात बाप मागावर नाहीतर चेकिंग-फोल्डिंगला, आई घरी बिड्या वळते, घरात बोलणं तेलुगूत. एका आईनं मला सरळ विचारलं, मागावर जाऊ नये म्हणून तर शाळेत घातलंय ना बाई, मग तुम्ही परत तिकडंच कशाला पाठवताय? यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, खरं सांगते.

दुसरी अडचण मालकांची. काहीजण म्हणतात नको हो, लेबर इन्स्पेक्टर येईल. आणि काहीजण लगेच "पाठवा की, किती पोरं देताय?" म्हणतात, मला या दुसऱ्यांचीच जास्त भीती वाटते. माझ्या भाच्याच्या शाळेनं मागं असंच पोरांना एका दुकानात पाठवलं होतं, तिथं त्यांनी काय केलं तर माल खाली काढला, पुसला, परत वर लावला. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, लॅमिनेशन केलेलं, "उत्कृष्ट". तर कायद्याचं काय, पोरांवर लक्ष कुणी ठेवायचं, मालकाकडनं काय लिहून घ्यायचं आणि मुलींच्या घरच्यांना कसं पटवायचं, ज्याला जे माहीत असेल ते सांगा. सगळ्याचं एकदम नको सांगायला.

काळाकोट
आधी वयं बघा. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठंच कामाला ठेवता येत नाही, सवलत दोनच, बालकलाकारांना अटींसह आणि शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत, ती पण धोक्याचं काम नसेल तरच. १४ ते १८ ला खाणी, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया बंद. नववीत तुमच्याकडं तेरा पूर्ण झालेली पण दोन-चार पोरं निघतील, तेव्हा जनरल रजिस्टर काढून जन्मतारखा तपासा, पोराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. डाइंग (सूत-कापड रंगवणं) आणि बॉयलरकडं कुणालाच पाठवू नका.
आणि एक, तुम्ही त्याला अनुभव म्हणा नाहीतर उपक्रम म्हणा, पोरगं जर तिथल्या माणसाच्या जागी उभं राहून माल काढत असेल तर ते कामच झालं. अप्रेंटिस कायदा कुणीतरी सुचवेल, १९६१ चा, तो पण १४ पासूनच लागू होतो पण त्यात करार, नोंदणी, विद्यावेतन सगळं येतं, दोन आठवड्यांसाठी त्या भानगडीत पडू नका.

खडूफळा
जन्मतारखेचं लक्षातच आलं नव्हतं. उद्याच रजिस्टर काढते.

सुटीसुटीत
हे सगळं कागदावर राहणार बघा. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला, आम्ही शाळेत काय केलं तर मेणबत्त्या आणि क्रेपच्या कागदाची फुलं, आणि वहीला शिक्का. आता नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आणि सुतार-कुंभार-माळ्याकडं शिकायला जायचं असं लिहिलंय, बारावीपर्यंत सुट्टीत पण करता येईल असंही. परत फुलंच होणार.

ओजेटीवाले_सर
सुटीसुटीत, क्रेपची फुलं आम्ही पण केलीत, पण म्हणून सोडून द्यायचं का? मी एमसीव्हीसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाला शिकवत होतो, आता रिटायर. तिथली मुलं ओजेटीला (कामाच्या जागी प्रशिक्षणाला) पाठवणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. बाई, तुमचे प्रश्न बरोबर आहेत पण तुम्ही मालक शोधताय, तुम्ही शिकवणारा माणूस शोधा. मालक सही करतो आणि विसरतो, पोरगं दिवसभर असतं कारागिराजवळ. आता हा कारागीर पीसवर, म्हणजे नगामागं पैसे घेणारा असेल तर त्याचं गणित बघा: दहा मिनिटं थांबून पोराला दाखवलं की तेवढे नग कमी, म्हणजे त्याच्याच खिशातनं गेले. मग तो काय करतो, पोराला चहा आणायला लावतो, दोरे कापायला बसवतो. वाईट माणूस नसतो तो, त्याला परवडत नाही एवढंच. म्हणून महिन्याच्या पगारावरचा माणूस बघा, फिटर, कटिंग मास्टर, लॅब टेक्निशियन, स्टोअर किपर. नाहीतर मालकाला स्पष्ट सांगा की त्या दोन आठवड्यांत याचं नुकसान तुम्ही भरून द्यायचं. जो मालक याला हो म्हणतो तो कामाचा.
एका माणसामागं दोनच पोरं. तिसरं आलं की ती तिघं आपसात गप्पा मारतात.
रोजची वही हवी पण "आज काय शिकलो" असं लिहायला लावू नका, सगळी "खूप माहिती मिळाली" लिहितात. मी विचारायचो, आज काय बिघडलं आणि ते कुणी कसं दुरुस्त केलं? याचं उत्तर मनानं रचता येत नाही. आणि तुम्ही न सांगता जायचं, चहाच्या वेळेला नाही, काम चालू असताना. तीन दिवस एकाच कामावर दिसलं तर पोरगं उचलायचं.

टेरीवाला
ओ मॅडम, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, मी मालकांपैकीच, शिव्या कमी द्या 😀 मागाच्या शेडमध्ये पोरं पाठवून काय करायलाव, तिथं आवाज एवढा असतो की शेजारच्याशी पण इशाऱ्यानं बोलतो आम्ही, शिकवणार कसं? वर पट्टे फिरतात, उडणारे तंतू नाकात जातात. लांबनं एकदा दाखवा बस. शिकायचं असेल तर चेकिंग टेबलाला बसवा, डिझाइनच्या कॉम्प्युटरला बसवा, डिस्पॅचला बसवा.
चेकिंगला काय करायचं ते सांगतो. टॉवेल काट्यावर ठेवायचा, टेपनं लांबी-रुंदी घ्यायची, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, काढायचा. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल साडेचारशे ग्रॅम भरला तर जीएसएम जवळपास ४६०. पार्टीनं ५०० मागितला असेल तर? मग पोरांना विचारायचं फरक कुठं गेला, सूत बारीक लागलं का, लूप कमी उंचीचे आले का, का ओलसर माल मोजला होता आणि आता वाळला. आमच्या बीकॉम झालेल्या पोरांना हे जमत नाही, तुमच्या नववीला शाळेतच आलंय क्षेत्रफळ. दोन पोरं चालतील मला, दोघी मुली असल्या तरी चालेल, चेकिंगला बायकाच आहेत, हेड पण बाईच.

खडूफळा
टेरीवाले, शिव्या मागे घेतल्या. हे गणित मी वर्गात आधी करून घेईन म्हणजे तिथं जाऊन पोरं बावचळणार नाहीत.

स्टुटगार्टकर
मूळचा सोलापूरचा, सात रस्त्याला शाळा. इथं जर्मनीत नववीच्या आसपास बहुतेकांना एक ते तीन आठवडे असं जावं लागतं, राज्य आणि शाळेप्रमाणं कमीजास्त, श्यूलरप्राक्टिकुम म्हणतात. माझी मुलगी चष्म्याच्या दुकानात गेली होती. मला आवडलं ते हे की जागा पोरांनीच शोधायची, स्वतः अर्ज लिहायचा, नकार आले तर परत लिहायचा. तिला बरेच नकार आले, एकदा रडली पण. शिक्षक मधे येऊन बघून जातात, शेवटी अहवाल लिहायचा, त्याला मार्क. पैसे सहसा मिळत नाहीत. तुमच्या पोरांनी जागा शोधणं अवघड वाटेल पण निदान अर्ज तरी त्यांनीच लिहू दे.

चटणी_भाकरी
मुलींचं मी सांगते. माझ्या मुलीला पाठवताना मला दोनच गोष्टी हव्या होत्या, तिथं मोठी बाई कोण आहे आणि जाते-येते कशी. "करिअर" वगैरे भाषण नको. पालकसभेत भाषण देण्यापेक्षा आयांनाच एक दिवस ती जागा दाखवून आणा. आणि त्या आईनं जे विचारलं ना, त्याला माझं उत्तर: मागावर पाठवत नाही, कारखान्यात मागाशिवाय आणखी काय काय कामं असतात ते दाखवायला पाठवतोय. हिशेब कोण करतं, डिझाइन कोण काढतं, एक्स्पोर्टचे कागद कोण भरतं. बापानं जन्मभर मागच बघितला, ऑफिसचं दार कुणी उघडून दाखवलंच नाही त्याला.

पाबळवाला
विज्ञान आश्रमाचं बघितलंय का? पुणे जिल्ह्यात पाबळला, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेलं. त्यांचा आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) कार्यक्रम आठवी ते दहावीला, आठवड्यातनं एक दिवस, इंजिनिअरिंग, ऊर्जा, शेती, गृह-आरोग्य असे विभाग, शिकवायला गावातलेच कारागीर. दोन आठवड्यांपेक्षा तो पक्का मार्ग आहे पण शाळेत जागा आणि हत्यारं लागतात. यंदा तुमचंच करा, पुढच्या वर्षी याचा विचार करा.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: वीस नाही, दहाच मुलं, सगळी १४ पूर्ण झालेली. अर्ज मुलंच लिहिणार, मराठीत. मालक, पालक आणि शाळा तिघांच्या सहीचा एक कागद, त्यात काम कुठलं, कुणाच्या हाताखाली, किती ते किती आणि कुठल्या मशीनला हात लावायचा नाही हे नाव घालून. आयांना आधी नेऊन आणणार. टेरीवाल्यांकडं दोघी, लॅबवाल्या एक बाई दोघांना घ्यायला तयार आहेत पण सॅम्पलला हात नाही, फक्त नोंदणी आणि रिपोर्ट, ते बरोबरच आहे.
अजून दोन गोष्टी अडल्यात. एक, विद्यार्थ्यांसाठी शासनाची राजीव गांधी अपघात योजना आहे ती शाळेबाहेरच्या अशा उपक्रमाला लागते का, कुणी प्रत्यक्ष दावा केलाय का? आणि दोन, जुळे सोलापूर किंवा होटगी रोडला एखादं टू-व्हीलर गॅरेज, जिथला मेकॅनिक पगारावर आहे आणि शिव्या जरा कमी देतो?

टेरीवाला
दुसरी अट काढा, मग सांगतो. व्यनि (खासगी निरोप) करतो.