मदत हवी आहे: निवृत्तीनंतर सेवाप्रकल्पात राहून काम करायचंय

नमस्कार मंडळी. वय ५९, मार्चमध्ये निवृत्त होतोय. हिशेब, ऑडिट, जीएसटी रिटर्न एवढंच नीट येतं. उरलेली वर्षं स्वतःपलीकडच्या कामाला द्यायची आहेत (नातेवाईक याला 'वानप्रस्थ' म्हणून हसतात, हसोत).

वरोऱ्याचं आनंदवन आणि भामरागड तालुक्यातला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, दोन्ही पाहून आलो. पण दोन दिवसांत पाहुणचारच होतो, कामाचा अंदाज येत नाही. आनंदवनाच्याच सोमनाथ प्रकल्पावरची श्रमसंस्कार छावणी (श्रमदानाचं शिबिर) मे महिन्यात असते. चंद्रपूरकडचं मेचं ऊन माझ्या रक्तदाबाला झेपणार नाही. गावातल्या एका संस्थेत तीन रविवार गेलो, तिथे मला फक्त फोटोत उभं केलं.

मानधन नको. राहण्या-जेवणाचा खर्च आम्ही देऊ. पत्नी सोबत येईल, ती गणित शिकवते. गुडघ्यांमुळे अंगमेहनत जमणार नाही. 'देणगी द्या' असं कृपया सुचवू नका, ती देतोच.

साठीच्या आसपास अशा प्रकल्पावर किमान सहा महिने राहिलेलं कुणी आहे का? हिशेबाचं काम बाहेरच्या माणसाच्या हाती देतात का, की आधी वर्षभर विश्वास कमवावा लागतो?