पुण्यातलं लाल देऊळ बाहेरून एवढं चर्चसारखं का दिसतं?

कॅम्पातली_निशा:
मोलेदिना रोडवरचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), कोणी नीट बघितलंय का? लाल विटा, टोकदार कमानी, तो उंच मनोरा आणि त्यावर घड्याळ, पुण्यात नवीन आलेला माणूस हमखास चर्च समजतो. मग सिनेगॉगला स्वतःची अशी ठरलेली बांधणी नसतेच का, की इथे मुद्दाम असं बांधलं? आणि रास्ता पेठेतही एक सिनेगॉग आहे, ज्यू लोक एवढे थोडे असताना एकाच गावात दोन कशाला?

जुन्या_इमारती:
थोडक्यात उत्तर असं की सिनेगॉगचा बाहेरचा आकार धर्माने ठरवून दिलेला नाहीये, ज्या देशात ज्या काळात बांधलं तिथली चाल उचलतात. हे बांधायला घेतलं 1863 ला, पूर्ण झालं 1867 ला, आणि नकाशा काढला हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सने. हा माणूस लष्करी इंजिनिअर, मुंबईचं जुनं सेक्रेटरिएट त्याचंच आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल पण त्याचंच. त्या काळात इंग्रजांना गॉथिकचं, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या बांधणीचं, वेडच होतं, सरकारी ऑफिस असो नाहीतर हॉस्पिटल, टोकदार कमान आलीच. ससूनची जुनी दगडी इमारत आणि लाल देऊळ एकाच दिवशी बघा, एकाच हातचं काम आहे हे लगेच कळतं.

पैसा डेव्हिड ससूनचा. बगदादहून तिथल्या सुभेदाराच्या, दाऊद पाशाच्या, जाचाला कंटाळून निघालेला माणूस, 1832 च्या सुमारास मुंबईत आला, आणि कापूस आणि अफूच्या व्यापारात प्रचंड कमावलं (अफूचा भाग लोक दानधर्माच्या गोष्टी सांगताना गाळतात, गाळू नये). मला यातलं सगळ्यात विलक्षण काय वाटतं तर हा स्वतः शेवटपर्यंत बगदादी पोशाखातच वावरला पण इमारत मात्र पक्की इंग्रजी बांधून घेतली. माझ्या मते ते मुद्दामच होतं, आम्ही या राज्यातले मानाचे नागरिक आहोत हे कॅन्टोन्मेंटमधल्या प्रत्येकाला लांबून दिसावं म्हणून. मनोरा 90 फुटांच्या आसपास आहे, घड्याळ लंडनहून आणलेलं.

अभ्यंकर_वि:
बाहेरून चर्च वाटलं तरी आत मांडणी पूर्ण वेगळी आहे, खरं सिनेगॉग आतच कळतं. चर्चमध्ये सगळ्यांची तोंडं एका टोकाच्या वेदीकडे, आणि ती वेदी परंपरेने पूर्वेला. आपल्याकडच्या सिनेगॉगमध्ये उलट, जेरुसलेम आपल्या पश्चिमेला म्हणून तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) ठेवायची पवित्र जागा, तिला हेखाल म्हणतात, ती पश्चिमेच्या भिंतीला. आणि वाचन करायचा चौथरा, तेबा, तो हॉलच्या मधोमध. त्यामुळे लक्ष दोन ठिकाणी वाटलं जातं आणि माणसं चौथऱ्याच्या भोवतीने बसतात. बायकांसाठी वर गॅलरी. कुठे मूर्ती नाही, माणसाचं चित्र नाही. बगदादी पद्धतीत तोराची गुंडाळी कापडात न ठेवता लाकडाच्या किंवा चांदीच्या उभ्या पेटीत ठेवतात आणि वाचताना ती पेटी उभीच उघडतात, आडवी करत नाहीत. आता सांगा, चर्चचा सांगाडा घेऊन आत अशी मांडणी बसवणं किती अवघड काम असेल!

पेणचा_पोरगा:
दोन कशाला याचं उत्तर मी देतो. लाल देऊळ बगदादी ज्यूंचं आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो बेने इस्राएलांचं, ते 1921 चं. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले, घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना, आडनावं गावावरून, दिवेकर, पेणकर अशी, आणि घरात मराठीच. बगदादी घरात अरबी बोलायचे, त्यांचे रीतिरिवाज वेगळे, आणि कडू असलं तरी खरं आहे की बरेच बगदादी बेने इस्राएलांना धर्माच्या बाबतीत बरोबरीचं मानायचे नाहीत. आणि वयाने म्हणाल तर मुंबईत मशीद बंदरचं शाआर हारहामीम बेने इस्राएलांनी 1796 लाच उभं केलं, सॅम्युएल दिवेकरांनी, म्हणजे ससून भारतात यायच्या कितीतरी आधी. त्या इमारतीबद्दल कोणी बोलत नाही कारण तिथे मनोरा नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅम्पातली_निशा:
पूर्व-पश्चिमेचं हे कधी लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार. आवारात एक वेगळी छोटी वास्तू दिसते ती कसली?

जुन्या_इमारती:
ती डेव्हिड ससूनची समाधी. 1864 ला तो पुण्यातच गेला, देऊळ पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही. कबरीवर हिब्रू लेख कोरलेले आहेत. जायचं असेल तर आधी परवानगी काढा आणि ओळखपत्र जवळ ठेवा, सुरक्षा कडक आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका.