फ्लोटिंग टॅबलेट तरंगते पण तीन तासांत फुटते, काय चुकतंय?

सब्जा_बी: नमस्कार मंडळी, एम.फार्मचं शेवटचं वर्ष चालू आहे, प्रोजेक्टला मेटफॉर्मिनची (मधुमेहाचं औषध) फ्लोटिंग गोळी घेतलीय, म्हणजे पोटात तरंगत राहून औषध हळूहळू सोडणारी. ५०० मिग्रॅ औषध, एचपीएमसी के४एम (भिजलं की जेल होणारं पॉलिमर), सोडियम बायकार्ब (खायचा सोडा) २० टक्के आणि थोडं सायट्रिक ॲसिड. ०.१ नॉर्मल एचसीएल (जठरातल्या ॲसिडच्या जागी) ३७ डिग्रीला ठेवून गोळी टाकली की आधी तळाशी बसते, कडेने बारीक बुडबुडे सुटतात आणि अर्ध्या मिनिटात टुणकन वर येते, बघायला इतकं भारी वाटतं! पण तीन तासांनी कडेला चीर पडते आणि जेलचे तुकडे सुटून खाली बसतात, मला बारा तास हवेत. हार्डनेस (गोळीचा कडकपणा) वाढवला तर सहा-सात मिनिटं खालीच बसून राहते. सर म्हणतात कार्बोपॉल (दुसरं एक पॉलिमर) घालून बघ. कोणी केलंय का हे? रडकुंडीला आलेय.

फॉर्म्युलेशनवाला: आधी बायकार्ब कमी कर, १०-१२ टक्क्यांवर आण. गोळी वर येते गॅसमुळे पण तो गॅस धरून ठेवायचं काम पॉलिमरचं. तुझं नावच सब्जा आहे म्हणून सांगतो, सब्जाचं बी भिजलं की भोवती बुळबुळीत थर धरतो ना, एचपीएमसी तसंच करतं आणि औषध त्या थरातून हळूहळू झिरपतं. के४एमचा थर मऊ, त्यात २० टक्के बायकार्बचा कार्बन डायऑक्साईड म्हणजे आतून फाडणारच. निम्मं के१००एम (त्याच एचपीएमसीचा जास्त घट्ट प्रकार) घालून बघ. हार्डनेसचं म्हणशील तर जास्त दाबलं की छिद्रं बुजतात, पाणी आत शिरायला वेळ लागतो, मग गॅसही उशिरा. कार्बोपॉलबद्दल सरांशी परत बोल, ते ॲसिडमध्ये फारसं फुगत नाही, पीएच वाढला की फुगतं. त्यापेक्षा झॅन्थन गम बरा. रॅनबॅक्सीच्या सिफ्रॅन ओडीमध्ये (सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकची दिवसातून एकदा घ्यायची गोळी) झॅन्थन, सोडियम अल्जिनेट आणि बायकार्ब हीच जोडी होती, त्यावरचे पेपर वाच. मेटफॉर्मिन पाण्यात लगेच विरघळतं, त्यामुळे पॉलिमरमध्ये काटकसर करू नकोस, गोळी एक ग्रॅमच्या आसपास गेली तरी चालेल.

जठराग्नी: वरचं सगळं बरोबर, पण ताई, बीकर म्हणजे पोट नव्हे, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) हे नक्की विचारतील. रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी जठरातून एक जोरदार लाट जाते आणि आत उरलंसुरलं सगळं झाडून पुढे ढकलते, गोळी तरंगत असली तरी. जेवण झालं की ही लाट थांबते, आणि पुढचं दार, म्हणजे पायलोरस, फक्त बारीक झालेलं अन्न सोडतं, मग फुगलेली गोळी मागे राहते. अमेरिकेत २००५ साली मंजूर झालेली मेटफॉर्मिनची गोळी ग्लुमेट्झा ५०० मिग्रॅ अशीच पॉलिमर फुगवून पोटात थांबवलेली आहे आणि ती रात्रीच्या जेवणासोबतच घ्यायची असते. एवढा खटाटोप कशासाठी, तर मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या वरच्या भागातच नीट शोषलं जातं, तिथून पुढे सरकलं की बरंचसं वायाच. मला विचाराल तर तरंगण्याच्या तासांपेक्षा जेवणाचा मुद्दा मोठा आहे.

कोल्हापूरची_लेक: मध्येच विचारते, माझी आई मेटफॉर्मिन एसआर (सावकाश औषध सोडणारी गोळी) घेते, दोनदा तिच्या शौचात आख्खी गोळी दिसली, ती घाबरून म्हणते औषध लागूच होत नाही, आता कुटून घेते. चालेल का?

फॉर्म्युलेशनवाला: कुटू देऊ नका ताई, प्लीज! दिवसभराचं औषध एकदम सुटेल. दिसते ती पॉलिमरची रिकामी खोळ, औषध आधीच निघून गेलेलं असतं. बोटाने दाबली तर मऊ लागते. शुगर वाढलेली असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. आणि सगळ्याच एसआर गोळ्या पोटात थांबत नाहीत हं, बऱ्याच नुसत्या सावकाश झिरपणाऱ्या असतात.

कोल्हापूरची_लेक: आत्ताच फोन करून सांगितलं, खलबत्ता आत ठेवला म्हणाली. खूप आभार दादा.

सब्जा_बी: अपडेट! के४एम आणि के१००एम निम्मं निम्मं, बायकार्ब १२ टक्के, वर येतानाचा वेळ दीड मिनिट झाला पण सकाळी नऊला टाकलेली गोळी संध्याकाळी साडेपाचलाही वरच आहे, कड गोल आणि मधे पांढरा ठिपका अजून दिसतोय. लॅब सहाला बंद करतात, वॉचमनकाकांना विनंती करून नऊपर्यंत थांबायची परवानगी काढलीय.