उन्हात गोळ्या सरकतात: लाकडी स्टॉकचं इपॉक्सी बेडिंग घरी जमेल का?

मागवाला_सोलापूर (एप्रिल)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पॉइंट टू-टूची सिंगल शॉट बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, परवान्यावर नोंदलेली, सेकंडहँड घेतलेली. स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, जुना, अक्रोडाचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीचे माग आहेत, त्यामुळे सराव फक्त रविवारी. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून हे मनापासून धरलंय.

अडचण अशी. सकाळी सातला ५० मीटरवर दहा गोळ्या १८ ते २० मिलिमीटरमध्ये बसतात. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे माझ्यासाठी हे चांगलं आहे. अकरा वाजले, पारा चाळिशीपार गेला, की तीच गोळी, तीच पोझिशन, पण ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, ३५ पर्यंत फाकतो आणि वर उजवीकडे सरकतो. गेल्या जुलैत बालेवाडीला गेलो तेव्हा झीरो (साइटची नेम जुळवलेली जागा) पार हललेला. स्टॉकचा मागचा स्क्रू पाव फेरा आवळला तरी गोळी जागा बदलते. स्क्रूखालचं लाकूडही दबलंय.

इंटरनेटवर बघून इपॉक्सी बेडिंग, म्हणजे स्टॉकमध्ये इपॉक्सी भरून लोखंडाला नेमकी बैठक करणं, घरीच करावं म्हणतोय. गच्चीवरच्या खोलीत छोटं वाईस आहे, हात बऱ्यापैकी बसलाय. या रविवारी करू का?

प्रोन_पुणे

आधी गोळ्यांचा लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, बघा. पॉइंट टू-टूमध्ये एकाच कंपनीचे दोन लॉट वेगळे वागतात. सकाळी आणि दुपारी एकाच लॉटचं खोकं वापरलंत ना? आणि दुपारी मिराज असतो, गरम हवेत निशाण तरंगल्यासारखं दिसतं. तो स्टॉकच्या नावावर टाकू नका.

जुना_फिटर

बापू, मीही सोलापूरचाच. मिलमध्ये फिटर होतो. मिल बंद पडल्यावर अकरा वर्षं एका परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे लाकूडकाम केलं, म्हणून हक्काने सांगतो. या रविवारी करू नको. हा महिना त्या कामाचा नाही.

पुण्याचे दादा बरोबर बोलले, मिराज असतोच. पण स्क्रू हलवला की गोळी हलते हे तू लिहिलंस, तिथे मला उत्तर दिसलं. तुझं लोखंड, म्हणजे बॅरल आणि अ‍ॅक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसतात तो भाग), लाकडात नीट बसलेलं नाही. स्क्रू आवळताना अ‍ॅक्शन वाकतं, आणि लाकूड फुगेल-आटेल तसं ते वाकणंही बदलतं. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून खडखडीत होतं, पावसाळ्यात ओल धरतं. लाकूड आहे, ते असंच वागणार.

अंदाजावर जाऊ नको, आधी मोज. बोल्ट काढ, चेंबर रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने बघ, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेव. डायल गेजचा स्टँड बॅरलला धर आणि टोक स्टॉकच्या पुढच्या भागाला टेकव. दोन्ही स्क्रू नेहमीइतके आवळून डायल शून्यावर आण. मग एकेक स्क्रू सावकाश सैल कर. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत राहिला तर बेडिंगला हात लावू नको, दोष दुसरीकडे शोध. ०.१० च्या पुढे गेला तर ताण आहे. बॅरल आणि लाकूड यांच्यामधून साधा कागद फिरतो का, कुठे अडतो, तेही बघून ठेव.

आता इपॉक्सीबद्दल. लोकांना वाटतं, इपॉक्सीने बंदूक स्टॉकला घट्ट चिकटते. उलट आहे. लोखंड चिकटलं तर काम वाया. इपॉक्सी फक्त लोखंडाचा साचा धरते, म्हणजे अ‍ॅक्शनला आपल्या आकाराची बैठक मिळते आणि स्क्रू आवळताना कुठेही ओढ लागत नाही. म्हणून भरतानाही स्क्रूने आवळायचं नाही. आवळलंस तर वाकलेल्या अवस्थेचाच साचा निघेल आणि तोच दोष कायमचा बसेल. बॅरलवर टेपचे वेढे देऊन ते मध्यभागी धरायचं आणि अ‍ॅक्शन सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने अलगद बांधायचं, लोखंड स्वतःच्या वजनाने बसेल इतपतच.

स्क्रूखालचं लाकूड दबलंय म्हणतोस, तर त्या जागी लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या करून घे. पिलर म्हणतात त्यांना. भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेव, स्क्रूची बाजू आत कुठेही घासता कामा नये. बैठकीच्या जागी दोन-तीन मिलिमीटर लाकूड काढावं लागतं, पापुद्र्याएवढा थर पुढे फुटतो. जुन्या स्टॉकमध्ये तेल मुरलेलं असतं, ते अ‍ॅसिटोनने पुसून पृष्ठभाग खरखरीत कर. रिकॉइल लग (गोळीचा मागचा धक्का लाकडावर टेकवणारा लोखंडी खुंट) असेल तर त्याच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेप लाव, फक्त मागची बाजू टेकू दे. ट्रिगरच्या खाचा, पिनांची भोकं, सगळं पोरांच्या खेळातल्या मातीने बुजव. एका खाचेत इपॉक्सी शिरून पलीकडे वळली की लाकूड फोडल्याशिवाय लोखंड निघत नाही. लोखंडाला आणि स्क्रूला मेणाचं पॉलिश दोन हात, मधे सुकवून.

माल स्टीलची पूड मिसळलेला, लोण्यासारखा घट्ट घे. पाच मिनिटांत जमणारा अजिबात नको. दोन्ही भाग डोळ्याने नाही, काट्यावर तोलून, डब्यावर दिलेल्या प्रमाणात. हातमोजे घाल, कच्च्या इपॉक्सीने कातडीला खाज धरते ती लवकर सोडत नाही.

आणि एप्रिल का नको, ते नीट समजून घे. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा माल साधारण दुप्पट वेगाने जमतो. २५ अंशांना पाऊण तास मिळत असेल तर ४० अंशांना पंधरा-वीस मिनिटं धर. वर पत्र्याचं छप्पर. वाटीत ढीग करून ठेवलास तर तो स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतो, म्हणून पसरट ताटलीत पातळ पसरावा. एवढ्या वेळात भरणं, बसवणं, पुसणं नव्या हाताला होत नाही. डिसेंबरात कर.

पण पहिल्यांदाच रायफलवर नको. रिसीव्हरच्या, म्हणजे अ‍ॅक्शनच्या नळीच्या, जाडीचा पाइप घे, शिसमचा तुकडा घे आणि त्यात तीन वेळा बेडिंग कर. तिसरा पाइप हलक्या ठोक्याने सुटला आणि साच्यात पोकळी दिसली नाही, की मग पुढचं बोलू.

कागदपत्र_कोल्हापूर

काकांच्या लिखाणाला एक जोड. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये दुरुस्तीही येते, तिला परवाना लागतो. रायफल तुमच्या नावावर आहे म्हणून गच्चीवर काम काढावं असं नाही. पाइपवरचा सराव घरी करा, खरं काम परवानाधारकाच्या दुकानात, रीतसर पावती घेऊन. शेजारी बसू देणारे चांगले कारागीर असतात.

जुना_फिटर

बरोबर. मी हे आधीच लिहायला हवं होतं. दुकानात बसूनच कर.

मागवाला_सोलापूर (मे)

काका, डायल लावला. पुढचा स्क्रू सैल केला तर ०.०३. मागचा सैल केला तर ०.१४! तीनदा मोजलं, तेवढंच. कागद बॅरलच्या डाव्या बाजूला, टोकापासून चार बोटांवर अडतो. शिसमचे तुकडे आणलेत. पहिला पाइप चिकटला, मेण एकाच जागी कमी पडलं होतं. डिसेंबरपर्यंत थांबतो.

मागवाला_सोलापूर (जानेवारी)

गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत काम झालं. दुकानात कारागिरांच्या शेजारी बसून, सकाळी आठला, खोलीत २१ अंश. पिलर आमच्याच एमआयडीसीत लेथवर करून घेतले. दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्याच्या दोन ठोक्यांत अ‍ॅक्शन सुटलं. त्या क्षणाला माझे हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. आता डायल मागच्या स्क्रूला ०.०२ दाखवतो आणि कागद पूर्ण बॅरलभर फिरतो. गेल्या रविवारी सकाळी १८, दुपारी दोनला १९. स्क्रू काढून पुन्हा बसवला, झीरो जिथल्या तिथे.

एक शंका. पुढच्या उजव्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी राहिलीय. भरून घेऊ का?

जुना_फिटर

लगच्या मागच्या बाजूला नाही ना? पिलरच्या तोंडाशी नाही ना? मग राहू दे, उकरू नको. एक दाणा भरायला गेलास तर मेण, माती, सगळं नव्याने आलं.

उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत रायफल ठेवू नको. साध्या तापमानाला जमलेला हा माल ५०-६० अंशांना मऊ पडायला लागतो, आणि मे महिन्यातली आपली डिकी तेवढी तापते. प्रवासात केस सीटवर, आपल्याबरोबर.

जानेवारीची दुपार म्हणजे आपली मेमधली सकाळ. तेव्हा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी एकला, दहा गोळ्या घे आणि डायल पुन्हा लाव. दोन्ही आकडे इथे लिही, मी वाट बघतो.