ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण: विषय लहान कसा करू?

केजकरीण
मी केजची (जि. बीड). एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसरं वर्ष. लघुप्रबंधाला "ऊसतोड कामगारांच्या समस्या" असा विषय दिला, तर मॅडम म्हणाल्या, हा विषय नव्हे, हे मंत्रालयातलं खातं आहे. "मुलांचं शिक्षण" केलं तरी मोठाच म्हणतात. आधी पार्श्वभूमी वाच, विषय आवळत जाईल, असा सल्ला मिळाला. पण वाचतेय तसा तो फुगतच चाललाय. उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे), साखरशाळा (कारखान्याजवळ या मुलांसाठी चालणारी शाळा), बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया, ऊसतोड कामगारांचं महामंडळ, सगळंच घ्यावंसं वाटतं. मार्चमध्ये द्यायचाय. कुणी मार्ग सांगेल का?

तळमजला_ग्रंथालय
ताई, तुम्ही बहुतेक बातम्या वाचताय. बातमीत सगळंच सारखं तातडीचं दिसतं. आमच्या कॉलेजात कुणी असा विषय घेऊन आलं की मी शोधनिबंध लगेच देतच नाही. आधी मराठी विश्वकोश (ऑनलाइन फुकट आहे), मग जिल्ह्याचं गॅझेटियर. जुन्या इंग्रजी गॅझेटियरवर नाव 'भीर' आहे, 'बीड' टाकून बसाल तर हाती काही लागायचं नाही. आणि तिसरं, सरकारी अहवालांतली व्याख्यांची पानं, जी सगळे उलटून पुढं जातात. आकडे नंतर बघा.

कारण सांगतो. 2011 च्या जनगणनेची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. तुमची माणसं तेव्हा फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, गावात नव्हे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 64 व्या फेरीत (2007-08) अल्पकालीन स्थलांतर मोजलंय, पण वर्षात एक महिना किंवा जास्त आणि सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेल्यांचंच. दसऱ्याला निघालेली टोळी पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) एप्रिलअखेर परतली, तर ती या व्याख्येत बसत नाही. 1979 चा स्थलांतरित कामगार कायदाही राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता; बीडहून बेळगावला गेलेला त्यात येई, सांगलीला गेलेला नाही. वाचताना अशी फट दिसली की तिथंच थांबायचं. विषय तिथं असतो.

गर्भाशयाचा मुद्दा मात्र सोडा. 2019 मध्ये शासनाच्या समितीसाठी 82,309 महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. एका लघुप्रबंधात तुम्ही त्यात काय भर घालणार?

फडावरचा
सरांचं पटलं. पण कागदावर "ऊसतोड कामगार" म्हणजे जणू एकच जात. तसं नसतं. मी लहानपणी आईबापासंगं गेलेलो आहे. बैलगाडीवाले, म्हणजे गाडी सेंटरचे, हंगामभर कारखान्याजवळच कोपी (झोपडी) टाकून राहतात. तिथलं पोरगं जवळच्या शाळेत बसू तरी शकतं. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरतात आणि फड संपला की दुसऱ्या गावाला. त्या पोरानं कुठल्या शाळेत बसायचं? आम्ही डोकी सेंटरवाले. यातलं एकच धरा.

केजकरीण
डोकी सेंटर मला माहीतच नव्हतं, आणि मी केजची! मग असं जमेल? "केज तालुक्यातून डोकी सेंटरला जाणाऱ्या कुटुंबांतल्या सहावी ते आठवीच्या मुली: कुणाला मागे ठेवलं जातं, कुणाला सोबत नेलं जातं आणि ते कोण ठरवतं."

तळमजला_ग्रंथालय
आता काम होईल. तालुका मात्र सोडा, दोन गावं पुरेत. आणि दोन शासकीय योजनांचे कागद शेजारी ठेवून वाचा. हंगामी वसतिगृह योजना धरून चालते की आईबाप जातील, मूल गावात राहील. शिक्षण हमी कार्ड धरून चालतं की मूल सोबत जाईल आणि तिकडच्या शाळेत बसेल. सहावीतली मुलगी यातल्या कुठल्या गृहीतकात बसते, एवढं शोधलंत तरी मॅडम खूश होतील. "कोण ठरवतं" हा भाग काढू नका, तोच उत्तम आहे.

फडावरचा
आणि दिवाळीच्या आत गावात जा, नंतर घरांना कुलपं लागतात. शाळेत ऑगस्ट आणि जानेवारी, दोन्ही महिन्यांची हजेरी मागा. पटावरचं नाव सहसा कुणी काढत नाही, त्यामुळं नुसत्या पटावरून काहीच कळायचं नाही.