रेबीजविरोधी मोहीम गोव्याच्या सीमेलगतच्या बांद्याच्या हद्दीवर थांबून चालेल का?

देवगडकर: गोव्यात कुत्र्यांचे सातत्याने सामूहिक लसीकरण झाले, 2018 ते 2020 या काळात तेथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेवढ्याच नेटाने सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतही लस टोचली जावी आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांची तपासणीही व्हावी, असे माझे मत आहे. कुत्र्यांमधील हा विषाणू दूरवर जातो तो बहुधा माणसाच्याच वाहनातून. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर 1997 पूर्वी रेबीज नव्हता. सुलावेसीकडून आलेल्या होडीतील कुत्र्यांबरोबर तो तेथे उतरला आणि पुढे कुत्र्यांची सरसकट कत्तल करूनही हटला नाही. विषाणूंच्या जनुकीय तुलनेवरून तर जगभरच्या कुत्र्यांमधील आजचे सगळे विषाणू-वंश काही शतकांपूर्वीच्या एकाच पूर्वजापर्यंत पोहोचतात, आणि त्यांपैकी एक वंश युरोपीय वसाहतींच्या काळात खंडोखंडी पसरला.

खारेपाटणचा वाटसरू: ही ‘काही शतके’ मला पटत नाहीत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याचा दंश आणि जलत्रास (पाण्याची भीती) यांचे स्पष्ट वर्णन आहे, तर मेसोपोटेमियातील एश्नुन्नाच्या कायद्यात पिसाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला दंड सांगितलेला आहे, आणि तो कायदा जवळपास चार हजार वर्षांपूर्वीचा आहे. इतका मुरलेला रोग नाक्यावर कसा अडणार? शिवाय आमच्या काजूबागांतून कोल्हे फिरतात, त्यांना लस कोण देणार? त्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रांत लस आणि सीरम (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) कायम उपलब्ध ठेवावे.

देवगडकर: रोगाचे वय आणि आज टिकून असलेल्या वंशाचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुश्रुतकालीन विषाणूचे वंश मागे खूण न ठेवता संपले असणे शक्य आहे. वंशाच्या वयाचे हे गणित मुख्यतः अलीकडच्या दशकांतील नमुन्यांवरून मांडलेले असल्यामुळे त्यातला काळ प्रत्यक्षापेक्षा कमी निघालेला असू शकतो, हेही खरे. परंतु विषाणू माणसाबरोबर हिंडतो हा मुद्दा त्याने ढळत नाही.

निवृत्त पशुवैद्य, चिपळूण: कोल्ह्यांची धास्ती थोडी अवाजवी आहे. आपल्याकडे ही साखळी प्रामुख्याने कुत्रीच चालू ठेवतात आणि कोल्ह्याला लागण बहुतेकदा त्यांच्याकडूनच होते. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना लागण करते, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत आढळले आहे. म्हणूनच 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. मात्र पिल्ले जन्मतात, जुनी कुत्री मरतात आणि हा टक्का वर्षभरात घसरतो, त्यामुळे मोहीम दरवर्षी हवी. देवगडकरांची तपासणीची सूचना मला निरुपयोगी वाटते. लागण झालेले कुत्रे कित्येक आठवडे, कधी महिनेही धडधाकट दिसते. नाक्यावरचा शिपाई त्याच्यात काय पाहणार? आरोग्य केंद्रातील साठा अर्थात हवाच, पण लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही आणि चावा होण्याआधी रोग रोखता येतो तो कुत्र्याला दिलेल्या लशीनेच.

मालवणी वाचक: विषाणू बदलत राहतो, मग लस कुचकामी होणार नाही का?

निवृत्त पशुवैद्य, चिपळूण: कुत्र्यांमधील वंश परस्परांपासून इतके दूर गेलेले नाहीत, सध्याच्या लशी त्या सर्वांवर चालतात.

खारेपाटणचा वाटसरू: वार्षिक मोहिमेला माझा विरोध नाही. पण मासळी बाजारातील आणि जेटीवरील कुत्री कोणाच्या दावणीची नसतात. त्यांना जाळ्याने पकडण्यासाठी प्रशिक्षित माणसे ग्रामपंचायतीने कोठून आणायची? ती सोय जिल्हा परिषदेने करावी आणि तीही पावसाळ्यातील मासेमारी बंदीपूर्वी, कारण लिलाव थांबला की ही कुत्री खाण्याच्या शोधात गावभर पांगतात.