७:१० च्या प्रादेशिक बातम्या मीडियम वेव्हवर खरखरतात, उपाय?

आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. फ्लॅटमध्ये नुसती घरघर. अँटेना पूर्ण ओढली तरी फरक नाही.

उत्तर: ती दांडी एफएमसाठी असते. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे आतली फेराइट कांडी (तार गुंडाळलेली काळी चुंबकीय कांडी), आणि तिला दिशा असते. रेडिओ उभा न करता टेबलावर सपाट गोल फिरवा. कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज वाढतो, टोक तिकडे गेलं की पडतो. भिंतींतल्या सळया सिग्नल अडवतात, म्हणून खिडकीपाशीच ठेवा.

उत्तर: आधी घरघर कुठली ते शोधा. सेलवर रेडिओ लावून मेन स्विच बंद करा. थांबली तर दोष घरातच: एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, वायफायचा अडॅप्टर. एकेक चालू करत गेलं की सापडतो. बहुतेकदा स्वस्त चार्जरच निघतो.

उत्तर: तरीही आवाज क्षीण असेल तर लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांची बाहेरची अँटेना, करा. ६० सेंमी बाजूची लाकडी चौकट, इन्सुलेटेड तारेचे १० वेढे, दोन टोकांना जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो). रेडिओला वायर जोडायची नाही, चौकटीच्या मध्याशी ठेवायचा, कांडी चौकटीच्या आरपार. मग गँग अगदी हळू फिरवा. आवाज वाढतो ती नेमकी जागा फार अरुंद असते, घाईत निसटते.